गाडी का तापते?

सगळे त्याला थंडोबा म्हणायचे. मागून कुणी येऊन गाडीला ठोकलं, तरी हा सावकाश खाली उतरायचा, फुटलेला दिवा बघायचा आणि ठोकणाऱ्यालाच विचारायचा, "तुम्हाला लागलं नाही ना?" गोदामात माल उतरवायला दिवस मोडला, तर चाकाच्या सावलीत अंग टाकून डुलकी काढायचा. एकदा भर उतारावर पुढचं टायर फुटलं. शेजारी बसलेल्या मेहुण्याने बोंब मारून मारून घसा बसवून घेतला आणि हा म्हणाला, "जरा गप्प बस रे, गाडी काय म्हणते ते ऐकू येत नाहीये." ही गोष्ट मेहुणा पुढे ज्याला त्याला सांगत सुटला. थंडोबाची बायको तर म्हणायची, "हे कधी चिडले तर मला हाक मारा. एक फोटो काढून ठेवीन म्हणते."

गाडी त्याची स्वतःची होती, दहा चाकांची. फरशा, सिमेंट, नळाचे पाइप असा जड माल ओढायची. लांबच्या खेपेला तो आणि मेहुणा आळीपाळीने चालवायचे. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गाडी शिकला तोच थंडोबाच्या हाताखाली. राहायचा जवळच, एका खोलीत.

आणि घरात होते नाना, थंडोबाचे वडील. जन्मभर त्यांनी ट्रकच चालवला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा चावी मुलाच्या हातात दिली, पण गाडीचा नाद काही सुटला नाही. घरापुढच्या मोकळ्या जागेत गाडी उभी असायची, तोंड घराकडे करून. घर उठायच्या आधी नाना उठायचे, फडकं घ्यायचे आणि काच, दिवे, बंपर, सगळं पुसून काढायचे. खेपेवरून आलेला थंडोबा तेव्हा गाढ झोपेत असायचा. बंपरवर चढून म्हातारा काहीतरी खुडबुड करतोय, हा आवाज त्या घराला इतका सवयीचा झाला होता की त्याने कुणाची झोप मोडत नसे.

अशी ती गाडी एके दिवशी तापली.

भरल्या मालाने घाट चढताना तापमानाचा काटा मधोमध असतो तो हळूहळू वर सरकला आणि लाल पट्टीत जाऊन बसला. थंडोबाने गाडी कडेला घेतली, इंजिन गार होईपर्यंत थांबला, पाणी भरलं आणि तसाच रडतखडत वर पोचला. परतल्यावर मिस्त्रीला दाखवली. मिस्त्री त्याचा नेहमीचाच, हाताला चांगला, तोंडाला उतावळा. रेडिएटरमध्ये बॅटरीचा उजेड मारून तो म्हणाला, "आतून गंजलाय, अर्ध्या नळ्या बंद आहेत. नवा घ्या, दुसरा इलाज नाही."

पार्ट घ्यायला थंडोबा, मेहुणा आणि नाना, तिघंही गेले. ट्रकच्या सुट्या भागांचं ते दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा कपाळावर सरकवलेला, हाताला कायम ग्रीसचा वास. त्यांना सगळे काउंटरवाल्या बाई म्हणत. डॉक्टरने पेशंटला विचारावं तसं त्या विचारायच्या. कधी तापते? उभी असताना की चढावर? पंख्याचा आवाज बदलतो का? आणि इंजिनच्या पाटीवरचा नंबर सांगितल्याशिवाय फळीवरचा खोका खाली यायचा नाही.

"एकाच नावाच्या गाडीत कंपनीने तीन तऱ्हेचे रेडिएटर बसवलेत," त्या म्हणाल्या. "नावावर घेऊन गेलात तर पाइपाची तोंडं जुळणार नाहीत, मग मला शिव्या घालत परत याल."

नंबर जुळवून त्यांनी दोन रेडिएटर काउंटरवर ठेवले. एक अ‍ॅल्युमिनियमचा, दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या. दुसरा तांब्यापितळेचा, उचलताना कंबर धरायला लावणारा.

"हलका आहे, तो घेऊ," मेहुणा म्हणाला. "लवकर गारही होतो."

"होतो," बाई म्हणाल्या. "पण प्लास्टिकला चीर गेली की फेकायचा. तांब्याचा उघडता येतो, साफ करता येतो, गळला तर डाग देता येतो. तुमचा माल जड, रस्ते खड्ड्यांचे. तुमच्या जागी मी असते तर तांब्याचा घेतला असता."

नानांनी तांब्याच्या रेडिएटरवरून हात फिरवला, गुरांच्या बाजारात पाठीवरून फिरवतात तसा. "हाच," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, "गळणार नाही ना?"

"नवा आहे हो नाना."

"बरं." आणि बाई बिल करेपर्यंत पुन्हा, "पण गळणार नाही ना?"

मेहुणा हसला. बाईही हसल्या. म्हाताऱ्या माणसाचा तांब्यापितळेत जीव, एवढंच सगळ्यांच्या मनात आलं.

रेडिएटरबरोबर बाकीचंही घेतलं. मिस्त्रीने फोनवरून सांगितलं होतं की थर्मोस्टॅट बसवूच नका, पाणी मोकळं फिरू द्या. बाईंनी तो मुद्दा उडवूनच लावला. "थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याचा दरवाजा. इंजिन तापेपर्यंत बंद, तापलं की उघडा. दरवाजाच काढून टाकलात तर इंजिन धड गरमच होणार नाही, डिझेल पीत बसेल." झाकण देतानाही जुन्या झाकणावरचा आकडा चष्मा नाकावर घेऊन वाचला. जास्त दाबाचं लावलं तर पाइप फाटतो, कमी दाबाचं लावलं तर पाणी उकळून बाहेर येतं. वरचा पाइप, खालचा पाइप, क्लिपा, इंजिन गार ठेवणाऱ्या लाल कूलंटचा कॅन. "यात हिरवं मिसळू नका," एवढं बजावून त्यांनी माल गाडीत घालून दिला.

गाडी झकास चालली. पहिल्या खेपेला काटा मधून ढळला नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. पुढे कधीतरी जरासा हलला. आणि मग एका चढावर सरळ लाल पट्टीत.

थंडोबाचा विश्वासच बसेना. नवा कोरा रेडिएटर!

"मग पंप," मिस्त्री म्हणाला. "आतलं चक्र झिजलं असणार, पाणी ढकलतच नसेल." पंप उतरवला. उतरवताना कूलंट निघालं ते गढूळ, साबणाच्या पाण्यासारखं. "जुना गाळ निघतोय इंजिनातला," असं म्हणून मिस्त्रीने ते ओतून दिलं. पंपाचं चक्र हातात घेऊन बघितलं तर शाबूत. तरी काढलाच आहे तर बदला, म्हणून बदलला. त्याच्याबरोबर पंख्याचा क्लचही बदलला, पट्टाही बदलला. प्रत्येक वेळी बाई नंबर विचारत, खोका काढत, आणि कपाळाची आठी जरा वाढवत. नवं कूलंट पडलं की गाडी काही दिवस गुणी मुलासारखी वागायची, आणि पुन्हा तापायची.

घरातलं वातावरणही तापलं होतं. मेहुण्याला एका ओळखीच्या माणसाबरोबर भागीत स्वतःची गाडी घ्यायची होती. ते त्याने बहिणीला सांगितलं, थंडोबाला सांगितलं नाही. थंडोबाला ते बायकोकडून कळलं आणि लागलं. बोलला काहीच नाही, बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पण खेपेवर दोघं शेजारी बसायचे आणि रस्ताभर रेडिओच तेवढा बोलायचा.

शेवटी मिस्त्रीने निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिनच्या माथ्याखालची पट्टी. इंजिन उघडावं लागेल."

थंडोबा गॅस्केट आणायला दुकानात गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"देत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे आज देत नाही. कूलंटमध्ये तेल दिसतंय का? नाही. धुरात पाणी येतंय का? नाही. मग इंजिन का उघडताय? माझ्याकडून तुम्ही एकेक करत अख्खी कूलिंग सिस्टीम नेलीत, आणि त्या नव्या रेडिएटरच्या आत कुणी डोकावून बघितलं का? नवा आहे म्हणून कुणी हातच लावला नसेल. आधी तो उतरवा. त्यात काही निघालं नाही तर गॅस्केट मी स्वतः आणून देते."

म्हणून मग वर्कशॉपमध्ये गाडीचा पुढचा पल्ला, काचेखालचं झाकण, वर केला. मिस्त्री गाडीखाली घुसला, त्याने खाली पातेलं ठेवलं आणि रेडिएटरचा खालचा पाइप सोडवला.

पाणी आलंच नाही.

मिस्त्रीने पाइप पूर्ण ओढून काढला. तरी नाही. वर झाकण उघडं होतं, आत कूलंट दिसत होतं, आणि खाली थेंब नाही. मिस्त्रीने एक तार घेऊन तोंडात खुपसली, फिरवली, ओढली. तेव्हा भदकन एक गोळा पातेल्यात पडला. त्याच्यामागून दुसरा. पांढुरके, लालसर झाक असलेले, चिकट गोळे. आंबूस वास सुटला, शिळ्या अन्नाचा. मिस्त्रीने बोटाने चेपून बघितलं. दोन बोटांमध्ये तार आली.

"खळ आहे ही," तो म्हणाला. "भिंतीवर कागद चिकटवायची खळ. पीठ आहे. पीठ शिजलंय आत."

थंडोबा पातेल्याकडे नुसता बघत राहिला. रेडिएटरमध्ये गंज असतो, माती असते, चुना धरतो. पीठ? डोळ्यांपुढचं मेंदूपर्यंत पोचायलाच तयार नव्हतं.

मिस्त्री हात पुसत उठला. "हे आपोआप होत नाही," तो म्हणाला. "कुणीतरी टाकलंय. आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ज्याचा हात गाडीपर्यंत पोचतो असा माणूस. बघा बुवा तुम्हीच."

नेमका त्याच वेळी मेहुणा फाटकातून आत आला. हातात चहाचे कागदी पेले, तोंडाने शीळ.

थंडोबाच्या आत काय झालं ते त्याला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. कानात एकदम गरम काहीतरी भरल्यासारखं झालं. तो चालत गेला आणि त्याने मेहुण्याची कॉलर धरली. पेले खाली पडले.

"तूच ना?"

"काय?"

"गाडी बसवायची होती माझी? तुझी नवी गाडी यायच्या आधी माझी बंद पाडायची होती? मला सांगायचंस की! मी चावी दिली असती तुला, हलकटा! पीठ कसलं टाकतोस?"

"भावोजी, काय बोलताय? कसलं पीठ?"

थंडोबाचा हात वर गेला. तो खाली यायच्या आत मिस्त्रीने मागून मनगट धरलं. सगळं वर्कशॉप जागच्या जागी थिजलं. हातातला पाना तसाच धरून माणसं बघत राहिली. हा माणूस ओरडू शकतो, हेच कुणाला माहीत नव्हतं. त्याला स्वतःलाही नव्हतं. वर गेलेला आपला हात त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने पातेल्यात बघितलं, थंडोबाकडे बघितलं. मग खिशातून गाडीची दुसरी चावी काढून बंपरवर ठेवली आणि तो निघून गेला. चहा सांडलेल्या जागेवरून त्याचे पाय गेले, तेवढे ओले ठसे फाटकापर्यंत उमटले.

थंडोबा घरी आला तो पाय ओढत. बायकोला बातमी आधीच लागली होती. ती दारातच उभी होती.

"हात उगारलात त्याच्यावर?"

त्याने पायातल्या चपला काढल्या.

"माझ्या भावावर? लहानाचा मोठा झाला तो तुमच्यापुढे. आणि सगळ्यांच्या देखत?"

"गाडीत पीठ निघालंय," तो कसाबसा म्हणाला. "रेडिएटरमध्ये. कुणीतरी पीठ कालवून ओततंय. शिजून खळ झालीये त्याची."

बायको आणखी काहीतरी बोलणार होती, ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी गोठला.

"कसलं पीठ?"

"पीठ म्हणजे पीठ. गव्हाचं असेल. मला काय माहीत?"

ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली. तो मागोमाग गेला. तिने पिठाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि डब्याच्या तळाकडे बघत उभी राहिली.

"किती दिवस झाले, पीठ पुरत नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं गिरणीवाला मापात मारतोय. परवा मी त्याच्याशी कडाकडा भांडून आले."

"तो येतो का इथे? तुझा भाऊ?"

"तो कधी उंबऱ्याच्या आत आलाय का? चहासुद्धा दारातच उभा राहून पितो, बूट काढायचा कंटाळा म्हणून." तिने झाकण लावलं. झाकण नीट बसेना.

या स्वयंपाकघरात येणारी माणसं किती? ती, तो आणि...

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नाव कुणीच घेतलं नाही. बाहेरच्या खोलीत नाना खिडकीपाशी बसून रिकाम्या अंगणाकडे बघत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "गाडी अजून आली नाही का रे?"

"नाही नाना," थंडोबा म्हणाला. "मिस्त्रीकडे आहे."

"बरं."

रात्री थंडोबाचं मन हजार वाटांनी पळ काढत होतं. नाना कसे करतील? गाडी म्हणजे त्यांचा जीव. नानांनी गाडीला दगाफटका करायचा, ही गोष्ट मनात आणायचीसुद्धा लाज वाटत होती. मेहुण्यावर संशय घेताना मात्र ती वाटली नव्हती, हेही त्याला टोचत होतं.

पहाटे त्याला जाग आली ती डब्याच्या झाकणाच्या आवाजाने. तो उठला नाही, पडूनच ऐकत राहिला. नळाचं पाणी, मगमध्ये चमचा फिरवल्याचा आवाज, मग पायातल्या चपला, कडी. नाना बाहेर गेले.

तो दारात येऊन उभा राहिला. नुकतं उजाडत होतं. जिथे रोज गाडीचं तोंड असायचं तिथे नाना उभे होते, एका हातात मग, खांद्यावर फडकं. दुसरा हात त्यांनी पुढे केला होता, गाडीचा पुढचा पल्ला उचलण्यासाठी. हाताला काहीच लागत नव्हतं. तो हात हवेत थोडा डावीकडे गेला, थोडा उजवीकडे.

थंडोबाला वाटलं, आपल्याच छातीवरून कुणीतरी हात फिरवतंय.

"नाना."

नाना वळले. त्यांच्या नजरेत ओळख नव्हती. राग नाही, परकेपणाही नाही, रस्त्यात भेटलेल्या ड्रायव्हरकडे बघावं तसं त्यांनी मुलाकडे बघितलं.

"गाडी कुठे लावलीस रे?"

"नाना, हातात काय आहे?"

"पीठ. पातळ कालवलंय. गुठळी राहिली तर नळीत अडकते."

"ते कशाला?"

"नवा आहेस का लाइनवर?" नानांचा आवाज एकदम तरुण झाला होता, घाईचा. "रेडिएटर गळतोय. खाली ओल दिसत नाही? घाट अजून पुढेच आहे. मूठभर पीठ टाकलं की भोक बुजतं, तेवढ्यावर घरापर्यंत जाता येतं. गाडी तापून चालायचं नाही आज."

"घरी... घरी एवढी घाई कसली आहे?"

"पोरगं तापाने फणफणलंय माझं. डोळे फिरवतंय म्हणाले. त्याची आई एकटी आहे, आणि मी इथे अडकलोय, घाटाच्या पायथ्याशी." त्यांनी मग घट्ट धरला. "मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलंय. गाडी तर माझ्याकडे ना! कशातून हलवेल ती त्याला?"

लहानपणी तो फार आजारी पडला होता, एवढं त्याला माहीत होतं. त्या तापात डावा कान थोडा गेला, तो आजही कमी ऐकतो. आई एवढंच सांगायची, "वाचलास बाबा." नानांनी तर कधी विषयच काढला नव्हता. आजारपणाच्या त्या दिवशी बाप कुठे होता, कसा आला, हे विचारायचं त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. आणि हा माणूस आता रोज पहाटे उठून तोच घाट चढत होता. उभ्या गाडीत. पायथ्यापासून, पुन्हा पुन्हा.

"पोचलात तुम्ही नाना," तो म्हणाला. "वेळेत पोचलात. पोरगं बरं झालं."

नानांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. कपाळावर आठी पडली, मग विरली. त्यांची नजर खाली गेली, हातातल्या मगवर. पांढरं पाणी मगच्या काठावर हलत होतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं, आणि हा त्यांचा रोजचा आवाज होता. "मी... इथे काय करतोय रे मी?"

आणि थंडोबाने आपल्या बापाच्या डोळ्यांत भीती बघितली. ब्रेक निकामी झालेली गाडी खडकाला घासत थांबवलेला हा माणूस. बायकोच्या चितेपुढेही ताठ उभा राहिलेला. तो आता अंगणात मग धरून उभा होता, आणि मुलाच्या शर्टाची बाही त्याने मुठीत घट्ट पकडली होती.

दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, नानांच्या हातातला मग अलगद काढून घेतला आणि म्हणाली, "चला नाना, चहा टाकलाय."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरण्याचा आजार आहे, म्हणाले, आणि तो बराच पुढे गेलाय. आजचं पुसलं जातं, जुनं उघडं पडतं. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं मागे येणार नाही. "घरात कुणाला कळलं कसं नाही?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा नवराबायको दोघंही जमिनीकडे बघत बसले. कळलं होतं की. एकच प्रश्न तीनदा विचारणं, चष्मा फ्रीजमध्ये सापडणं. सगळ्याला ते वय म्हणत होते.

मेहुणा एका ट्रान्सपोर्टच्या आवारात सापडला, दुसऱ्याच्या गाडीवर ताडपत्री बांधत होता. थंडोबा खाली उभा राहिला आणि वर बघत त्याने सगळं सांगितलं. पीठ, पहाट, नाना. शेवटी म्हणाला, "चुकलो मी. तुझ्या पाया पडायला हवं मी."

मेहुण्याने दोरीची गाठ मारून पूर्ण केली. नानांचं ऐकून त्याचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"नानांनी केलं हे कळलं, म्हणून आलात भावोजी. कळलंच नसतं तर?"

थंडोबाने खाली लोंबणारं दोरीचं टोक उचलून वर धरलं. मेहुणा दुसऱ्या बाजूची दोरी ओढायला निघून गेला.

काउंटरवाल्या बाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. "मी हसले होते त्यांना," त्या म्हणाल्या. "गळणार नाही ना, गळणार नाही ना, म्हणून विचारत होते ते." मग त्या उठून कामाला लागल्या. दुसरं काय करणार? रेडिएटर तांब्याचा होता म्हणून वाचला. मिस्त्रीने त्याची वरची-खालची टाकी डाग सोडवून उघडली, एकेका नळीतून सळई घातली, आणि खळीचे वाळके तुकडे कागदाच्या भेंडोळ्यांसारखे बाहेर पडले. थर्मोस्टॅट पिठाने चिकटून अर्धवट उघडा राहिला होता, तो बदलला. इंजिनातून गरम पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं, ते नितळ येईपर्यंत. मिस्त्रीने या कामाची मजुरी घेतली नाही. त्या वर्कशॉपमध्ये त्यानंतर थंडोबाला कुणी थंडोबा म्हटलं नाही. चिडवायचं नाव होतं, पण आता ते कुणाच्या तोंडात येईना.

गाडीच्या पुढच्या पल्ल्याला थंडोबाने कुलूप बसवून घेतलं. बसवताना त्याला वाटत होतं, आपण बापालाच घराबाहेर काढून कडी लावतोय. नाना रोज पहाटे उठतात, पल्ला ओढून बघतात. उघडत नाही. मग सून त्यांच्या हातात फडकं देते आणि दोघं मिळून काच पुसतात. एखाद्या दिवशी ते तिला सून म्हणून ओळखतात. एखाद्या दिवशी अहो-जाहो करून, लाजत, तुमचं गाव कोणतं म्हणून विचारतात. त्या दिवशी ती आत येऊन नळ मोठा सोडते आणि थोडा वेळ तिथेच उभी राहते.

मेहुणा कामावर परत आला नाही. त्याने स्वतःची गाडीही अजून घेतलेली नाही, दुसऱ्याकडे पगारावर चालवतो. बहिणीशी फोनवर बोलतो. थंडोबाचं नाव निघालं की "बरं, ठेवतो" म्हणतो.

पण एका सुट्टीच्या दिवशी तो आला. बूट काढून, सरळ आत, नानांच्या खाटेपाशी. नानांचा तो दिवस वाईट होता. सकाळपासून त्यांनी मुलाला "तुम्ही कोण पाहुणे?" म्हणून दोनदा विचारलं होतं. मेहुण्याला बघितल्याबरोबर मात्र त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ये ये! कुठे होतास इतके दिवस? वाळलास की रे!" दोघं रस्त्यांबद्दल बोलत बसले. कुठला पूल पडला, कुठे नवा वळणरस्ता झाला. नानांना नवं काही लक्षात राहत नव्हतं, म्हणून मेहुणा तोच पूल पुन्हा पुन्हा पाडत होता आणि नाना दर वेळी तितकेच हळहळत होते.

थंडोबाने स्वतः चहा केला आणि दोघांच्या हातात दिला. मेहुण्याने मान वर न करता घोट घेतला आणि काहीतरी पुटपुटला. थंडोबा स्वयंपाकघरात परत आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"बोलला का तुमच्याशी?" बायकोने कुजबुजत विचारलं.

"बोलला."

"काय म्हणाला?"

"साखर जास्त झालीये म्हणाला."

बायकोने त्याच्याकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळेना.